एक मूल दुसऱ्याला चावते, म्हणून त्याला पाळणाघरातून काढावे का?

ताई, इतर वाचणाऱ्यांना संदर्भ कळावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही सांगलीत विश्रामबागेत राहत्या घरी पाळणाघर चालवता. दीड ते चार वर्षांची 11 मुले तुमच्याकडे असतात आणि मदतीला एक मावशी आहेत. त्यांतला 22 महिन्यांचा एक मुलगा गेल्या दोन आठवड्यांत चार वेळा चावला, त्यात तीन वेळा एकाच मुलीला. मुलीच्या आईने "एक तर तो राहील, नाहीतर आमची मुलगी" असे निर्वाणीचे सांगितले आहे. मुलाची आई मिरजेच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे, तिच्या पाळ्या बदलत असतात आणि मुलाला सांभाळायला घरी दुसरे कोणी नाही. मावशींचे मत असे की तोंडावर एक चापट बसली की सवय जाईल. तुमच्या सासूबाई म्हणतात की त्याला एकदा उलट चावून दाखवा, म्हणजे दुखते हे त्याला कळेल. मुलाला काढावे का आणि ही सवय मोडायची कशी, असे तुम्ही विचारले आहे.

माझे उत्तर असे आहे की आत्ता काढू नका. मात्र हे तीन गोष्टींवर अवलंबून आहे. चाव्याने कातडी फुटली आहे का, दिवसातल्या ठरावीक वेळी त्या मुलाजवळ एक मोठे माणूस थांबू शकेल का आणि दोन्ही घरे दोन-तीन आठवडे तुमच्यावर विश्वास ठेवायला तयार आहेत का, हे मला इथून दिसत नाही. मी साताऱ्यात बरीच वर्षे पाळणाघर चालवते. एमआयडीसीत आणि सरकारी कचेऱ्यांत नोकरी करणाऱ्यांची मुले माझ्याकडे असतात आणि या कामात नव्याने येणाऱ्या बायकांना मी शिकवतेही. दोन वर्षांच्या आसपासची मुले जिथे एकत्र असतात तिथे चावण्याचा प्रसंग आला नाही, असे पाळणाघर माझ्या पाहण्यात नाही. त्यामुळे तुमच्याकडे काही भलतेच घडते आहे, ही भीती मनातून काढून टाका.

तुमचे लिहिणे वाचताना मला एक गोष्ट जाणवली. मुलगा किती वेळा चावला आणि कोणाला चावला, हे तुम्ही नेमके लिहिले आहे. पण किती वाजता चावला, खोलीच्या कोणत्या भागात चावला, त्याच्या आधीच्या दोन मिनिटांत काय चालले होते आणि तेव्हा तुम्ही व मावशी कुठे होता, याबद्दल एक शब्दही नाही. माझ्या अनुभवात उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडते. "हा मुलगा चावरा आहे" असे एकदा ठरवले की करण्यासारखे दोनच उपाय उरतात, शिक्षा करणे किंवा काढून टाकणे. "हा मुलगा दुपारच्या जेवणाआधी, खेळण्यांच्या कपाटापाशी, दाटी झाली की चावतो" एवढे कळले तर करण्यासारख्या गोष्टी पुष्कळ निघतात, आणि त्यांतल्या बहुतेक तुमच्या हातात असतात.

या वयाची मुले का चावतात, हे आधी समजून घेऊ. 22 महिन्यांच्या मुलाला हवे असलेले खूप असते आणि सांगता येण्यासारखे थोडे असते. "हे माझं आहे", "तू सरक", "मला कंटाळा आला", "मला झोप येते आहे" हे सगळे मोठ्यांजवळ शब्दांत असते, त्याच्याजवळ ते अंगात असते. हाताने ढकलण्यापेक्षा दात लवकर काम करतात आणि समोरचा लगेच बाजूला होतो, हे एकदा लक्षात आले की मूल तो मार्ग पुन्हा धरते. शिवाय दुसऱ्या दाढा साधारण 23 ते 33 महिन्यांच्या दरम्यान येतात. तुमचा मुलगा त्या उंबरठ्यावर आहे, म्हणून हिरड्या शिवशिवत असणेही शक्य आहे. मनात आलेली ऊर्मी आवरून धरण्याची ताकद या वयात नुकती कुठे तयार होऊ लागलेली असते. त्यामुळे "त्याला कळतं, तरी मुद्दाम करतो" हे म्हणणे खरे नाही. त्याला "नाही" या शब्दाचा अर्थ कळतो, पण त्या क्षणी स्वतःला थांबवणे जमत नाही. बोलणे वाढते तसे चावणे कमी होते आणि तीन वर्षांच्या आसपास बहुतेक मुलांचे ते आपोआप सुटते. मात्र तोपर्यंत बाकीच्या मुलांनी सोसत बसायचे असा याचा अर्थ नाही, म्हणून पुढचे लिहिते.

उद्यापासून एक साधी वही घाला. प्रत्येक प्रसंगाला एक ओळ पुरते. वेळ, जागा, कोण जवळ होते, लगेच आधी काय झाले, त्या दिवशी तो किती झोपला आणि शेवटचे कधी खाल्ले, एवढेच लिहायचे. चावला नाही पण चावायला गेला आणि तुम्ही अडवले, तो प्रसंगही लिहायचा, कारण अशा नोंदी चाव्यांपेक्षा जास्त मिळतात आणि तेवढ्याच उपयोगी असतात. झालेल्या चार प्रसंगांतले जे आठवत असेल ते आज रात्रीच मावशींना बरोबर घेऊन लिहून काढा.

वहीतून काय निघू शकते, याचे माझ्याकडचे एक उदाहरण देते. जेमतेम दोन वर्षांची एक मुलगी सारखी चावू लागली. नोंदी पाहिल्या तर जवळजवळ सगळे प्रसंग सव्वाअकरा ते पावणेबाराच्या दरम्यानचे होते आणि जागाही एकच होती. खेळण्यांचे लाकडी कपाट आणि भिंत यांच्यामध्ये एक अरुंद बोळकांडी तयार झाली होती आणि ठोकळ्यांचा एकुलता एक डबा तिथे ठेवलेला असे. सकाळचा पहिला खेळ संपून मुले कंटाळली की तिघे-चौघे एकाच वेळी त्या बोळात शिरत, आत वळायलाही जागा नसे. नेमक्या त्या वेळी मदतनीस स्वयंपाकघरात सगळ्यांचे डबे गरम करत असे आणि मी लहानांचे लंगोट बदलत असे. म्हणजे मुले भुकेली, जागा चिंचोळी, खेळणे एक आणि मोठे माणूस कोणीच नाही, अशा चार गोष्टी त्या अर्ध्या तासात एकत्र येत होत्या. आम्ही कपाट भिंतीला आडवे लावून तो बोळ बंद केला. ठोकळे दोन डब्यांत वाटून खोलीच्या दोन टोकांना ठेवले. अकराला प्रत्येकाच्या हातात केळ्याचा तुकडा किंवा मऊ पोळीचा घास देऊ लागलो आणि डबे गरम करण्याचे काम मुले यायच्या आधी उरकू लागलो. त्या मुलीला आम्ही वेगळे काही शिकवले नाही. नंतरही ती एक-दोनदा चावली, पण रोजचा तो प्रकार थांबला.

तुमच्याकडे कारण वेगळे निघू शकते. आईच्या पाळ्या बदलतात असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून वहीत एक रकाना त्यासाठीही ठेवा. आई रात्रपाळीला असताना मुलगा कोणाजवळ झोपतो, सकाळी त्याला किती वाजता उठवून आणतात आणि संध्याकाळी तो किती उशिरापर्यंत थांबतो, हे त्यात येऊ द्या. संध्याकाळची वेळ अशा मुलांना फार जड जाते. साडेपाचपासून एकेकाचे पालक येऊ लागतात, दाराची कडी वाजली की हा धावत जातो आणि दरवेळी दुसऱ्याचीच आई आत येते. त्याच्या नोंदी संध्याकाळच्या निघाल्या, तर पालक येण्याच्या वेळी त्याला दारापासून दूर, आतल्या खोलीत मावशींबरोबर एखाद्या कामाला लावा. वाटाणे सोलणे, चमचे मोजून डब्यात टाकणे, पाण्याचा खेळ, यांतले काहीही चालेल. आईकडून आठवड्याच्या पाळ्यांचा कागद आधीच मागून घ्या, म्हणजे रात्रपाळीनंतरच्या दिवशी तुम्ही त्याला दुपारी थोडे लवकर झोपवू शकाल.

तीन वेळा तीच मुलगी का, हा प्रश्न तिच्या आईला सर्वांत जास्त टोचत असणार. दोघांत वैर असावे असे मोठ्यांना वाटते, पण तसे क्वचितच असते. बहुधा ती दोघे सर्वांत जास्त वेळ एकमेकांजवळ असतात, दोघांना तेच खेळणे आवडते, जेवायला शेजारी बसतात किंवा तिचा प्रतिसाद सर्वांत मोठा असतो. ती जोरात ओरडली की काहीतरी घडते, हे त्याला दिसते. जेवायला आणि झोपायला दोघांच्या जागा लांब करा आणि तिला आवडणारी खेळणी दोन-दोन ठेवा. दोघांना दिवसभर वेगळे ठेवण्याचा खटाटोप मात्र करू नका, तो तुमच्या जागेत टिकणार नाही. त्याऐवजी ती तिच्या पद्धतीने "नको" म्हणायला शिकेल असे पाहा. हात पुढे करून मोठ्याने "नको" म्हणणे दोन वर्षांच्या मुलीला शिकवता येते आणि तो आवाज तुम्हाला वेळेवर सावधही करतो.

आता प्रत्यक्ष प्रसंगाविषयी. चावल्याबरोबर आधी जिला लागले तिच्याकडे जा. तिला जवळ घ्या, जखम पाहा, तिचे रडणे ऐकून घ्या. चावणाऱ्याकडे सगळ्यांनी धावून जाणे, त्याला ओरडणे, सगळ्या मुलांसमोर उभे करणे यांमुळे चावले की आपल्याकडे लक्ष येते हाच धडा त्याला मिळतो. दोघे अजून जवळजवळ असतील तर मावशींनी त्याला शांतपणे बाजूला घ्यावे. मुलगी सावरली की त्याच्या उंचीवर खाली बसा, तोंडाकडे पाहा आणि थोडक्यात सांगा, "नाही. चावायचं नाही. तिला दुखलं." चढा आवाज लागत नाही, पण हसूही नको आणि लांबलचक समजावणीही नको. या वयाच्या मुलाला त्यापुढची वाक्ये पेलत नाहीत. मग त्याला जे म्हणायचे होते ते शब्द तुम्ही त्याला द्या, "गाडी हवी होती? म्हण, मला दे." त्याच्याकडून नुसते "दे" आले तरी चालेल, हात पुढे करून तळवा उघडला तरीही चालेल. सॉरी म्हणायला किंवा पापी घ्यायला लावू नका. नुकतेच ज्याने चावले त्याचे तोंड पुन्हा आपल्या गालाजवळ आलेले त्या मुलीला नको असते. त्याला काही करायचेच असेल तर त्याने पाण्यात भिजवलेला रुमाल आणून तुमच्या हातात द्यावा.

यापेक्षाही महत्त्वाचे काम चावण्याच्या आधीचे आहे. पहिले दोन आठवडे, वहीत ज्या वेळा धोक्याच्या दिसतील त्या वेळी एका मोठ्या माणसाने त्याच्यापासून हाताच्या अंतरावर राहायचे. स्वयंपाकघरातून लक्ष ठेवणे यासाठी पुरत नाही, कारण सगळा प्रकार दोन-तीन सेकंदांत होऊन जातो. नीट पाहिले तर चावण्याआधी मुलाचे अंग बोलते. खांदे वर येतात, अंग ताठ होते, तो समोरच्याच्या फार जवळ सरकतो आणि जबडा किंचित उघडतो. त्या क्षणी आपला तळहात दोघांच्या मध्ये घालायचा आणि तेच शब्द द्यायचे, "म्हण, दे." आपण असे वेळेवर पोचलो की चावण्याऐवजी दुसरे काही करून हवे ते मिळते, हा अनुभव त्याला येतो. ज्या वेळी तो स्वतःहून हात पुढे करील किंवा मागून घेईल, त्या वेळी ते लक्षात आल्याचे त्याला सांगा, "तू मागितलंस, छान केलंस." दिवसभरात त्याच्या वाट्याला फक्त "नाही" येत असेल, तर शिकण्यासारखे त्याच्याजवळ काही उरत नाही.

मावशी आणि सासूबाई यांचे सल्ले वाईट हेतूने दिलेले नाहीत. आपल्या घराघरांत पूर्वी हेच चालत आले. पण चापट मारणाऱ्या किंवा उलट चावणाऱ्या मोठ्या माणसाकडून मुलाला एवढेच कळते की मोठे आणि बळकट असले की असे करता येते. त्याचे दुखणे आणि त्याने दुसऱ्याला दिलेले दुखणे, यांचा संबंध 22 महिन्यांच्या मुलाला जोडता येत नाही. तो घाबरतो, आणि घाबरलेले मूल जास्त चावते. तोंडात मिरची धरण्याची किंवा अंधाऱ्या खोलीत ठेवण्याची धमकीही याच प्रकारात येते. शिवाय पाळणाघर चालवणाऱ्याची जबाबदारी वेगळी असते. ताब्यात असलेल्या मुलाला मारहाण किंवा क्रूर वागणूक देणे हा बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 75 नुसार गुन्हा ठरतो. मावशींना हे सांगताना धाक घालू नका. त्या दिवसभर तुमच्या बरोबरीने राबतात, म्हणून वहीच्या कामात त्यांना सामील करून घ्या. "मावशी, तो तोंड उघडायच्या आधी काय करतो ते तुम्हालाच सर्वांत आधी दिसेल" असे म्हटले की त्यांचे लक्ष चापटीवरून मुलाकडे वळते. माझ्याकडच्या मदतनीस बायकांनी टिपलेल्या कितीतरी खुणा माझ्या स्वतःच्या नजरेतून सुटलेल्या होत्या.

जखमेबद्दल थोडक्यात सांगते. कातडी फुटली नसेल तर साबण व पाण्याने धुऊन थंड पाण्याची पट्टी ठेवणे पुरते. कातडी फुटली असेल, रक्त आले असेल, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने काही मिनिटे नीट धुवा, स्वच्छ कापड ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला सांगा, कारण माणसाच्या चाव्यात जंतुसंसर्ग होऊ शकतो. हळद, चुना, टूथपेस्ट असे काही लावू नका. प्रत्येक मुलाच्या लसीकरण कार्डाची प्रत तुमच्याकडे असावी. सरकारी वेळापत्रकाप्रमाणे 6, 10 आणि 14 आठवड्यांना मिळणाऱ्या पेंटाव्हॅलंट लशीत धनुर्वात आणि हिपॅटायटिस बी या दोन्हींपासून संरक्षण असते आणि 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरच्या लशीचा) बूस्टर, म्हणजे वाढीव डोस असतो. कार्ड पूर्ण असेल तर डॉक्टरांचे काम सोपे होते आणि पालकांची अर्धी भीती जाते. चावणाऱ्या मुलाच्या तोंडात रक्त गेले असेल, तर त्याच्या आईलाही ते सांगितले पाहिजे.

दाढांमुळे हिरड्या शिवशिवत असतील, तर चावायला योग्य वस्तू द्या. स्वच्छ सुती कापड ओले करून थंड केलेले, रबराचे अखंड टीदर किंवा समोर बसवून दिलेला भाकरीचा तुकडा, एवढे पुरे. हिरड्यांना लावायची जेल डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. इथे एक आडवळणाची सूचना करते, कारण तुम्ही सांगलीच्या आहात. द्राक्षांच्या हंगामात घरोघरी घड येतात आणि भडंग तर बारमाही असते. चावायला काहीतरी हवे म्हणून मुलांच्या हातात हे पदार्थ सहज दिले जातात. अख्खे द्राक्ष आणि शेंगदाणा, दोन्ही लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतात. द्राक्ष द्यायचे तर उभे चार तुकडे करून द्या, आणि शेंगदाणे घातलेले भडंग पाळणाघरात आणूच नये. कच्च्या गाजराचे कडक तुकडेही दात येणाऱ्या मुलाला देऊ नयेत.

आता मुलांच्या संख्येचे. केंद्र सरकारने 2018 मध्ये नोकरीच्या ठिकाणच्या पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत तीन वर्षांखालील 10 मुलांमागे एक प्रशिक्षित कार्यकर्ती व मदतनीस आणि तीन ते सहा वर्षांच्या 20 मुलांमागे एक, असे प्रमाण सांगितले आहे. ती तत्त्वे तुमच्यासारख्या घरगुती पाळणाघरासाठी लिहिलेली नाहीत, पण मोजमाप म्हणून उपयोगी आहेत. तुमच्या 11 मुलांत तीन वर्षांखालची किती आहेत, ते मोजा. सात-आठ असतील, तर कागदावर तुमची संख्या बसते, तरीही मावशी स्वयंपाकघरात आणि तुम्ही लंगोट बदलायला गेलात की त्या वेळी प्रमाण शून्य होते. म्हणून दिवसाची सरासरी पाहू नका, सर्वांत अवघड अर्धा तास पाहा. त्या अर्ध्या तासात दोघींपैकी एक जण मुलांतून हलणार नाही, एवढी आखणी जमली तर माझ्या मते निम्मे काम होते. दुसरे असे की मोठ्या चार वर्षांच्या मुलांना त्या वेळी ओसरीत किंवा अंगणात वेगळा खेळ द्या. मोठी मुले धावत असताना लहानांना जागा उरत नाही आणि धक्के लागून लागून ती चिडतात.

मुलीच्या आईशी बोलणे तुम्हाला सर्वांत अवघड वाटत असेल. तिचा राग रास्त आहे, हे तुमच्या पहिल्या वाक्यात आले पाहिजे. संध्याकाळी घरी कपडे बदलताना दंडावर वळ दिसणे आणि तोपर्यंत कोणी काहीच सांगितलेले नसणे, यातून विश्वास तुटतो. त्यामुळे यापुढे असे घडले तर तिने पाहण्याआधी तुम्ही फोन करून सांगा. काय झाले, तुम्ही काय केले आणि आता मुलगी कशी आहे, हे सांगा. कोणी चावले त्याचे नाव तुम्ही घेऊ नका. मुलगी घरी जाऊन नाव सांगेलच, छोट्या वस्तीत सगळ्यांना कळेलच, हे मला ठाऊक आहे, तरी तुमच्या तोंडून ते येऊ नये. आज ज्या मुलाचे नाव तुम्ही गुप्त ठेवता त्याच्या जागी उद्या तिची मुलगी असू शकते, आणि हे तिला सांगितलेले समजते. पुढे नेमके काय करणार आहात, ते सांगा, "पुढचे दोन आठवडे जेवणाआधीच्या वेळेत मी स्वतः मुलांजवळ बसणार आहे, जेवायला आणि झोपायला दोघांच्या जागा लांब केल्या आहेत आणि रोज संध्याकाळी मी तुम्हाला दिवस कसा गेला ते सांगेन." पुन्हा कधीच होणार नाही, असे वचन देऊ नका, ते तुमच्या हातात नाही. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर या विषयावर एक ओळही लिहू नका आणि जखमेचे छायाचित्र तिथे येऊ देऊ नका. घरात कॅमेरा लावलेला असेल आणि चित्रण मागितले गेले, तर त्यात इतरांची मुले आहेत याची आठवण द्या आणि लागले तर तुमच्यासमोर बसून पाहू द्या, प्रत पाठवू नका.

मुलाच्या आईशी वेगळे बोला, दारात इतर पालक उभे असताना नाही. ती दिवसभर किंवा रात्रभर रुग्णांची सेवा करून येते आणि दारातच "आज पुन्हा चावला" हे ऐकते, तेव्हा ती एक तर शरमेने गप्प होते, नाहीतर घरी जाऊन मुलाला मारते. दुपारच्या गोष्टीची संध्याकाळी शिक्षा केली तर या वयाच्या मुलाला संबंध लागत नाही, हे तिला स्पष्ट सांगा. तिच्याकडून तुम्हाला माहिती हवी आहे. रात्री तो किती झोपतो, घरी चावतो का, कोणते शब्द बोलतो, हे विचारा. आणि आवर्जून विचारा की घरात लाडाने त्याचा गाल, बोटे किंवा पोट दातांत धरून "खाऊ का तुला?" असा खेळ कोणी खेळते का. आपल्याकडे आजी-आजोबा, मामा, काका सगळेच हे कौतुकाने करतात आणि मूल खिदळते. त्याला चावणे म्हणजे प्रेमाचा खेळ वाटत असेल, तर तोच खेळ पाळणाघरात केल्यावर सगळे का रागावतात, हे त्याला कळणे शक्य नाही. हा खेळ घरात काही महिने पूर्ण बंद ठेवावा लागतो, आणि सगळ्यांनीच बंद ठेवावा लागतो.

काढावे का, या प्रश्नाकडे आता परत येते. चावणाऱ्या मुलाला काढले की ते दुसऱ्या पाळणाघरात जाते, अनोळखी जागेत आणि अनोळखी माणसांत आणखी बावरते, आणि तुमच्याकडे जी वेळ आणि जी दाटी त्याला चावायला लावत होती ती तशीच राहिल्याने काही दिवसांनी दुसरे मूल चावू लागते. तरीही काही परिस्थितींत मीही पालकांना मुलाला आणणे थांबवायला सांगेन. कातडी फुटण्याइतके चावे वारंवार होत असतील, वर सांगितलेले सगळे तीन-चार आठवडे मनापासून करूनही प्रसंग वाढत असतील, किंवा त्याच्याजवळ थांबायला खरोखरच माणूस मिळत नसेल, तर इतर मुलांच्या सुरक्षिततेला आधी जागा द्यावी लागते. तसे झाले तर आईला निदान दोन आठवड्यांची मुदत द्या आणि दुसरी सोय शोधायला मदत करा. एका संध्याकाळी "उद्यापासून आणू नका" असे नोकरी करणाऱ्या एकट्या आईला सांगणे योग्य नाही.

आणखी एक गोष्ट या निमित्ताने तपासून घ्यावी. दोन वर्षांच्या आसपास मूल दोन शब्द जोडू लागते, "आई ये", "पाणी दे" असे. तुमचा मुलगा 22 महिन्यांचा आहे, म्हणून आत्ताच घाबरण्याचे कारण नाही, पण तो मोजकेही शब्द बोलत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, बोट दाखवून वस्तू मागत नसेल, तर आईला बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा आणि कानांची तपासणीही करून घ्यायला सांगा. ज्याला नीट ऐकू येत नाही त्याला शब्द कुठून सापडणार? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली पथके अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करतात आणि गरज दिसली तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी तपासून उपचार करणाऱ्या केंद्रात पाठवतात. खासगी पाळणाघरातल्या मुलाच्या आईला जवळच्या अंगणवाडी सेविकेकडून पथक कधी येणार ते विचारता येते. तीन वर्षे उलटून गेल्यावरही चावणे चालूच राहिले, तर मात्र वाट न पाहता दाखवावे.

उद्या सकाळी मुले यायच्या आधी मावशींबरोबर दहा मिनिटे बसून दोन गोष्टी ठरवा. सर्वांत अवघड अर्ध्या तासात कोण मुलांजवळ राहील, आणि त्या वेळची इतर कामे कधी उरकायची. संध्याकाळी मुलीच्या आईला फोन करा, मुलाच्या आईला वेगळी वेळ मागा. दोन आठवड्यांनी वहीतल्या वेळा आणि जागा, मुलांची नावे न घालता, इथे लिहा. खोलीचा साधा आराखडाही काढून टाका, कपाटे, दारे आणि खेळण्यांची जागा दाखवून. तो पाहून काय हलवता येईल ते मला अधिक नेमके सांगता येईल.